तरवाल्याची मान

दोर ताणला आणि भागोजीच्या तोंडून नुसतीच हवा निघाली. पाण्याखाली काहीतरी डुललं, चार-दोन बुडबुडे वर आले आणि खाडी पुन्हा गप्प झाली.

"एकदम वढू नको रं," काळूराम म्हणाला. "बसलीय ती. डुलवून डुलवून घे. म्हातारी म्हस उठवतात तशी."

"म्हस परवडली. म्हस दूध तरी देते."

छातीभर पाण्यात उभा राहून काळूराम पायाच्या अंगठ्यानं गाडीचं नाक चाचपत होता. दुपारी ऐन भरतीला ती खाडीच्या मधोमध बुडाली तेव्हा तो पोहत काठाला आला होता. मग ओहोटीनं पाणी उतरेपर्यंत सगळे सुरूच्या झाडांखाली बसून राहिले, आणि दोराला बांधलेला तेलाचा रिकामा डबा, गाडी कुठं आहे ते सांगत, पाण्यावर डुलत राहिला. आता ऊन कलंडलं होतं. डिसेंबरातलं पाणी कमरेपर्यंत काही वाटत नाही; छातीला लागलं की मात्र ते माणसाला त्याचं वय विचारतं. काळूरामच्या जबड्याला थरथर सुटली होती आणि ती भागोजीला कळू नये म्हणून तो दात दाबून बोलत होता.

अखेर नाक वर आलं. पांढरं, फुगीर, त्यावर पंजा उगारलेल्या अस्वलाचं चित्र. अस्वलाच्या डोळ्यांतून चिखल ओघळत होता.

"रडतंय बघ," भागोजी म्हणाला. "तुझ्या नावानं रडतंय."

ही बर्फावर चालायची गाडी. पुढं दोन पट्ट्या घसरायला, मागं एक रुंद दातेरी पट्टा ढकलायला. मनालीला हौशी माणसं फिरवून फिरवून जुनी झालेली. हितेशनं ती ट्रकात घालून माणगाववरून तळपेवाडीला आणली, तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं होतं आणि बायकांनी आधी तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या. चक्रीवादळानं हितेशची सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी केली होती. नवी रोपं लावली, पण सुपारी धरायला वर्षं जावी लागतात. तोवर त्यानं वाडीत खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवू लागला. पण पाहुणे दिवेआगरला थांबत, श्रीवर्धनला थांबत. तिथं काय नव्हतं? या कोपऱ्यातल्या खाडीवर कोणी का यावं? मग त्यानं मोबाइलवर पाहिलं की परमुलखात लोक बर्फाची ही गाडी उघड्या पाण्यावरून पळवतात. वेगात असली की ती बुडत नाही. पाण्याला तिचं वजन कळायच्या आत ती पुढं गेलेली असते. अट एकच. उजव्या मुठीशी एक दांडी आहे, ती अंगठ्यानं दाबली की दाबलेलीच राहिली पाहिजे. अंगठा सैल पडला की गाडी म्हणजे दगड.

पहिल्यांदा हितेश स्वतः बसला आणि गळ्याचं हाड मोडून घेतलं. गावातली पोरं मुंबईला, नाहीतर कारखान्यांत. काळूरामला त्यानं ठेवलं होतं ते नुसतं होडी घेऊन थांबायला, बुडालेल्याला उचलायला. पण हलक्या अंगाचा आणि पाण्याला न भिणारा असा दुसरा माणूस त्याला मिळेना. काळूरामनं जन्मभर ह्याच खाडीवर तर, म्हणजे काठाकाठाची ने-आण करणारी नाव, चालवली होती. माणसं, बकऱ्या, भाताच्या गोणी, वऱ्हाडं ह्या काठावरून पलीकडं कुसुंबडीला आणि कुसुंबडीहून इकडं. वरच्या अंगाला पूल झाला आणि तर बंद पडली. माणसं अजून त्याला तरवाला म्हणत, आणि तोही ओ देई.

सरावाला गाडी कधीच बुडाली नाही. पहाटेच्या सपाट पाण्यावरून तो सूं करत पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर जाई, वळे आणि परत येई. पण पाहुणे जमले, टाळ्या-शिट्ट्या सुरू झाल्या, की मधोमध जाऊन गाडी खाली बसे. या हिवाळ्यात तिसऱ्यांदा.

गाडी वाळूवर आली. हितेश खिशात हात घालून उभा होता. तो ओरडला असता तर काळूरामला बरं वाटलं असतं.

"काका, लोकांना बघून घाबरायला होतं का तुम्हाला?"

"न्हाय रं बाबा."

"मग काय होतं? मला सांगा तरी. इंजिन मी स्वतः उघडून बघितलं. इंजिनात काही नाही."

काळूरामनं पंचा पिळला. पिळून झाल्यावरही पिळत राहिला.

हितेश जरा जवळ आला. "परवा पुण्याच्या कंपनीची माणसं येतायत. सगळ्या खोल्या त्यांनीच घेतल्यात, आणि हे बघायलाच येतायत. परवा बुडाली तर..." तो थांबला. लहानपणी तो शाळेला काळूरामच्याच तरीतून जायचा. "मनालीचा एक पोरगा यायला तयार आहे. मला त्याला बोलवावं लागेल, काका. राग धरू नका."

"राग कसला."

"तुमचा शुभम म्हणत होता, कळंबोलीला सोसायटीत गेटवर जागा आहे म्हणून. खोलीपण देतात."

"देतात," काळूराम म्हणाला.

मुलानं दिवाळीपासून तेच लावलं होतं. बाबा, या. आईला घेऊन या. तिथं काय राहिलंय आता? काळूराम एकदा जाऊन ते गेट बघून आला होता. गेटासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं दुसरं गेट. बसून राहायचं आणि गाड्या आल्या की दांडा वर करायचा. तिथं वाईट काही नव्हतं. नळाला पाणी होतं, डोक्यावर पंखा होता. पण इथला पगार थांबला की तिथं जावंच लागणार, आणि एकदा तिथं गेलं की पुन्हा ह्या खाडीच्या काठी म्हातारपण काढता येणार नाही, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं.

घरी बायकोनं, सोनाबाईनं, पाणी तापवून ठेवलं होतं. तो न्हाऊन चुलीपाशी बसला, तशी तिनं भाकरी थापता थापताच म्हटलं,

"तुम्ही मागं बघता."

"कोण?"

"दुसरं कोण हाय हितं? मी काठावर उभी असते ना. गाडी मधोमध जाते, तुमची मान वळते, आन् गाडी बसते. तिन्ही येळा."

काळूराम विस्तवाकडं बघत राहिला. त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण कोणाला सांगायचं म्हणजे हसू व्हायचं.

तरीचा एक रिवाज होता. काळूरामच्या बापानं, विठोबानं, वल्हं हातात देण्याआधी तो शिकवला होता. तर काठावरून सुटली म्हणून सुटली नाही. मधोमध गेलं की वल्हं थांबवायचं आणि एकदा मागं वळून बघायचं. काठावर कोणी हात हलवत असेल, हाक मारत असेल, तर परत जायचं. नाव भरलेली असली तरी. पाणी उतरणीला लागलं की पुढची खेप कधी होईल ते खाडीलाच ठाऊक. मागं राहिलेल्याच्या कडेला तापलेलं पोर असेल, नाहीतर पलीकडं कोणाचं मढं त्याच्यासाठी थांबलं असेल. नावेतली माणसं कुरकुरत. पण कुरकुरण्यापलीकडं कोणी जात नसे, कारण त्यातलं प्रत्येक जण कधी ना कधी त्या काठावर उभं राहिलेलं होतं.

आता काठावर पुण्या-मुंबईची माणसं उभी असत, दोन्ही हात वर करून, होऽऽ होऽऽ करत.

"ती मजेनं वरडतात," सोनाबाई म्हणाली. "त्यांना कुठं जायचंय?"

"ठाव हाय मला."

"आन् त्या भटभटीत ऐकू तरी येतं काय तुम्हाला? वर कान झाकणारी ती टोपी."

"कानाला न्हाय येत." काळूरामनं हात नेऊन मानेमागं ठेवला. "हितं येतं. कोणतरी राहिलंय असं वाटतं. मग बघतो. तेवढ्यात अंगठा सुटतो."

सोनाबाईनं भाकरी विस्तवाशी उभी केली. ती फुगेपर्यंत बघत राहिली.

"मग ती खोड मोडाया पायजे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हितेश गाडीचे सुटे भाग आणायला श्रीवर्धनला गेला. वाडीमागच्या पत्र्याच्या पडवीत गाडी धुऊनपुसून ठेवली होती. सोनाबाई म्हणाली, बसा. काळूराम बसला. अंगठा दांडीवर दाबला. इंजिन बंद, पुढं पाण्याऐवजी नारळाच्या सोडणांचा ढीग.

"मी मागनं हाका मारते. वळायचं न्हाय. अंगठा सोडायचा न्हाय."

"पोरखेळ हाय का गो?"

"कळंबोलीला जायचंय का?"

त्यानं अंगठा पुन्हा दांडीवर दाबला.

सोनाबाई पन्नासेक पावलं मागं, विहिरीपाशी जाऊन उभी राहिली. पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"तर होऽऽऽ"

काळूरामची मान वळली. दोघंही हसले.

"ही पयली. ही सोडली," ती म्हणाली. "आता नीट."

तिनं पुन्हा हाक मारली. तो पुन्हा वळला. मग तिनं आवाज बदलले. खाडीकाठी जन्म गेला होता. सगळ्या गावाच्या हाका तिच्या गळ्यात होत्या. तिनं शाळेच्या गुरुजींसारखी हाक मारली, आधी खाकरून, मग "काळूराऽम, अरे काळूराऽम" अशी, हजेरी घेतल्यासारखी. तिनं कोळणीसारखी हाक मारली, हाक कमी आणि शिवी जास्त. कुसुंबडीच्या येसाजीसारखी मारली, जो ताडी पिऊन आला की काठ कुठला तेच विसरायचा आणि खाडीकडं पाठ करून डोंगराला हाका मारायचा. काळूराम प्रत्येकीला वळला, आणि वळल्यावर प्रत्येकाचं नाव घेतलं.

"येसाजी मेला त्याला किती वर्षं झाली," तो म्हणाला.

"मेला. मग कशाला वळता?"

तो पुन्हा पुढं बघू लागला. मागून आता हाक आली नाही. गाणं आलं, बारीक आवाजात, ओढत ओढत.

"तरवाल्या रे दादा, नाव लाव तू काठाला
माझ्या आईचा गं डोळा लागला या वाटेला..."

रंगू. लग्न होऊन नुकतीच आलेली, हाक मारायची लाज वाटायची म्हणून काठावर बसून गाणं म्हणायची. नावेतल्या बायका ऐकून म्हणायच्या, काळूदादा, फिरव रे, पोर रडतंय. काळूरामच्या खांद्यात कळ आली. मान अर्धी वळली आणि अर्ध्यावर थांबली. अंगठा मात्र दांडीवरच राहिला.

"आता जमाया लागलं," सोनाबाई मागून म्हणाली. तिच्या आवाजात शाबासकी होती आणि दमणूकही होती.

मग जमतच गेलं. गुरुजी हाक मारून थकले, कोळीण शिव्या देऊन थकली. काळूराम सोडणांच्या ढिगाकडं बघत राहिला. त्यानं एक युक्ती काढली होती. हाक आली की ती कोणाची ते ओळखायचंच नाही. नुसता आवाज. कावळा ओरडतो, पत्रा वाजतो, तसा आवाज. एकदा ती गाठ बसली आणि मान दगडासारखी झाली.

ऊन डोक्यावर आलं होतं. सोनाबाई विहिरीच्या काठावर टेकली. थोडा वेळ काहीच आलं नाही. काळूरामला वाटलं, संपलं असेल. आणि मग मागून एक हाक आली, मोठी नाही, घाबरीघुबरी, धाप लागलेली.

"ओऽऽ नाववालं! थांबा वो! मी ऱ्हायले!"

वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन कुसुंबडीच्या काठावरून धावत आलेली एक मुलगी. बाजाराचा दिवस, नाव काठोकाठ भरलेली, मधोमध गेलेली. तो परत फिरला तेव्हा एक म्हातारा म्हणाला होता, अरे, शेंगांसाठी फिरतोस काय? आणि बाया हसल्या होत्या. ती नावेत चढली, पाटी मांडीवर घेऊन बसली आणि तर लागेपर्यंत तिनं वर बघितलं नव्हतं. पुढच्या माघात तिचं काळूरामशी लग्न झालं.

काळूरामला हाक ऐकू आली. ती कोणाची ते त्यानं ओळखलं नाही. सोडणांच्या ढिगावर एक सरडा बसला होता. तो त्याच्याकडं बघत राहिला.

"ओऽऽ... मी ऱ्हायले वो!"

सरडा मान हलवत होता. अंगठा दांडीवर पक्का होता.

मागं पावलं वाजली. सोनाबाई चालत आली आणि गाडीपाशी उभी राहिली.

"जमलं," काळूराम म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "जमलं गो! बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली. तिनं खोचलेला पदर सोडला, झटकला, आणि पुन्हा खोचायला काही नसल्यासारखी तो नुसताच हातात धरून राहिली. "चला. भात टाकायचाय."

तिसऱ्या दिवशी भरती दुपार कलताना होती. पुण्याची माणसं लाल टोप्या घालून आली होती. भागोजीनं वाळूवर ओल्या झावळ्या अंथरल्या, गाडी त्यांच्यावरून घसरत पाण्यात शिरावी म्हणून. सोनाबाई सुरूच्या सावलीला बायकांमध्ये होती आणि आज खुशीत दिसत होती.

"भागोजी भाऊजी," ती खणखणीत आवाजात ओरडली, "आज दोराला हात लावलात तर बघा!"

"वैनी, मी दोर घरी ठेवूनच आलोय!"

बायका हसल्या. एका लाल टोपीवाल्या मुलीनं सोनाबाईला विचारलं, काकू, तुम्हाला भीती नाही वाटत? सोनाबाई म्हणाली, "भीती वाटून काय करू? पाण्यात त्यांचा जलम गेला."

काळूरामनं शिरस्त्राण घातलं. जग त्या टोपीत शिरलं आणि बारीक झालं. अंगठा दाबला. गाडीनं झावळ्या उधळल्या, वाळू उडाली, आणि मग खालून येणारा खडखडाट अचानक थांबला. पाणी लागलं होतं. समोर दुपारची खाडी पितळेसारखी पसरलेली. पट्ट्यांखाली ती फाटत होती आणि फाटण्याचा आवाज मागं पडत होता. काठावर होऽऽ उठलं असणार. हात उठले असणार. काळूराम पलीकडच्या वाळूच्या दांड्याकडं बघत होता, दांड्यावरच्या एका पांढऱ्या बगळ्याकडं. बगळा उडाला. वाळू पट्ट्याखाली आली.

तो वळला आणि परत निघाला. येताना तो ह्या काठाच्या लाल टोप्यांकडं बघत आला, आणि टोप्यांखाली माणसं न राहता नुसत्या टोप्याच उरल्या. गाडी झावळ्यांवर चढली तेव्हा कोणी त्याला मिठी मारली, कोणी पाठीवर थापा मारल्या. मधोमध कधी आलं आणि कधी गेलं, ते त्याला कळलंच नव्हतं.

हितेशच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका," तो म्हणाला, "काका, उद्यापासून रोज दोन खेपा. आणि आता कुठं मनाली आणि कुठं कळंबोली. तुम्ही इथंच."

"हितंच," काळूराम म्हणाला. त्याला आनंद झाला होता. पण तो आनंद फार लांबून, पलीकडच्या काठावरून कोणी सांगावा तसा त्याच्यापर्यंत येत होता. त्याला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

पाहुण्यांच्या चहाची भांडी आवरून सोनाबाई आली आणि दोघं खाजणाच्या बांधावरून घराकडं निघाले. बांध अरुंद, एकामागं एक चालावं लागतं. काळूराम पुढं, ती मागं, नेहमीसारखी. एका बाजूला पाणथळ, दुसऱ्या बाजूला कापून झालेली भातखाचरं. सूर्य सुरूंच्या मागं उतरत होता.

"शुभमला आजच सांगून टाकू," तो चालता चालता म्हणाला. "येत न्हाय म्हणावं. पोराचं मन मोडेल जरा. पण सांगू."

मागून काही आलं नाही. सोनाबाई चालताना फार बोलत नसे.

"आन् छप्पर शाकारून घेऊ, सुकं हाय तवर. भागोजीला म्हणतो, दोन दिस ये." पाय जड झाले होते, पण एका लयीत पडत होते. "मनालीचा तो पोरगा बिचारा. आला असता तर थंडी कुठं गेली म्हणाला असता."

तो स्वतःशीच हसला. बांध संपला, वाट वाडीत शिरली, कुडाची फाटकं मागं पडली. कुलपाची चावी सोनाबाईच्या कमरेच्या पिशवीत असे. दारापाशी येऊन त्यानं सवयीनं हात मागं केला.

हात तसाच राहिला.

तो वळला. अंगण रिकामं होतं. फाटकापलीकडची वाटही रिकामी होती, दिसत होती तिथपर्यंत.

तो आला त्याच वाटेनं परत निघाला. आधी चालत, मग जवळजवळ धावत. बांधाच्या मध्यावर, भरतीचं पाणी अडवायच्या लाकडी झडपेपाशी सोनाबाई दगडावर बसली होती. एक पाय मांडीवर घेतलेला. घोटा सुजून तांबडा झाला होता, आणि शेजारी तुटलेली चप्पल होती. ती खाडीकडं बघत होती.

"काय झालं गो?"

"काय न्हाय. पाय मुरगाळला."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, तिचा आवाज फाटला होता. शब्द येत होते, पण आतून काहीतरी खरवडून येत होते. दुपारी हाच आवाज भागोजीला पार पाण्यापर्यंत ऐकू गेला होता.

"हाक का न्हाय मारलीस?"

सोनाबाई खाकरली. तरी आवाज सुटा झाला नाही.

"कशाला मारायची," ती म्हणाली. "म्हटलं, येतीलच."

काळूरामनं खांद्यावरचा पंचा काढला. तिचा घोटा हातात घेतला आणि तो पंचा घट्ट गुंडाळू लागला. एकदा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. पाणथळातून एक टिटवी ओरडत गेली. तो मान खाली घालून गाठ मारत होता आणि गाठ त्याला बसत नव्हती.

"द्या हिकडं," ती शेवटी म्हणाली, आणि गाठ तिनं मारली.

त्यानं तिला हाताला धरून उठवलं. तुटलेली चप्पल स्वतःच्या हातात घेतली, आपल्या चपला तिच्यापुढं सारल्या. बांधावर दोघांना शेजारी चालायला जागा नव्हती.

"तू पुढं चल," तो म्हणाला.

"मी लंगडी. मला येळ लागंल."

"लागू दे. पुढं चल तू."

ती त्याच्याकडं बघत उभी राहिली, मग त्या मोठ्या चपला फरफटत पुढं निघाली. काळूराम मागून निघाला. तिची पावलं जिथं थांबत तिथं त्याची थांबत. पायांना माती गार लागत होती.

"येताय ना?" तिनं मागं न बघता विचारलं.

"व्हय. हाय की मागं."

ती चालू लागली. थोडं गेल्यावर तिनं पुन्हा विचारलं.